कंबर ३०, सीट ४०: स्कर्ट कोणता, किती लांब, कशावर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. उंची ५ फूट १ इंच, कंबर ३० इंच, सीट (म्हणजे नितंबांचा घेर) ४०, मांड्या भरलेल्या, पोट किंचित पुढे. राहणं इंदूरला, रोज स्कूटीवरून ऑफिस. रेडीमेड स्कर्ट सीटला बसला की कंबरेला ढगळ होतो आणि कंबरेला बसला की सीटवर ताणतो. मग कोणत्या प्रकारचा स्कर्ट घ्यावा, त्यावर काय घालावं, आणि आजीची जुनी महेश्वरी साडी कपाटात आहे तिचा स्कर्ट होईल का?

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. पहिला स्कर्ट शिवूनच घ्या. पाव सर्कलचा, गुडघ्याच्या जरा खाली किंवा पोटरीच्या खाली संपणारा, डाव्या बाजूला चेन असलेला, बेल्ट, म्हणजे कंबरेची शिवलेली पट्टी, सव्वा इंचाचा. चुण्यांचा आणि सगळीकडून इलॅस्टिकचा स्कर्ट सध्या विसरा. महेश्वरीचा स्कर्ट होतो, पण साडीची कोणती बाजू खाली घ्यायची हे साडी उलगडून पाहिल्याशिवाय ठरवू नका.

नाशपती, सफरचंद, वाळूचं घड्याळ अशी फळं-वस्तूंची नावं शरीराला देणारे तक्ते बाजूला ठेवा. दोघींचं 'फळ' एक निघालं तरी एकीची सीट कंबरेखाली ७ इंचांवर भरते आणि दुसरीची ९ इंचांवर, आणि दोघींना एकच स्कर्ट सारखा बसत नाही. लागतात ती पाच मापं. कंबर कुठे आहे हे कळत नसेल तर पोटावर बारीक इलॅस्टिक बांधा आणि दोन्ही बाजूंना वाका. इलॅस्टिक सरकून जिथे थांबेल ती कंबर. तिथून ३ ते ४ इंच खाली पोटाचं माप. मग सीट, जिथे सर्वात जास्त भरते तिथे, आणि हे ठिकाण कंबरेपासून किती इंच खाली आलं तेही लिहा. तुमच्या उंचीला ते ८ इंचांच्या आसपास असतं. चौथं माप खुर्चीवर बसून घेतलेली सीट. बसल्यावर ती दीड-दोन इंच वाढते, आणि उभ्याने घेतलेल्या मापावर शिवलेला सरळ स्कर्ट ऑफिसात पहिल्याच मीटिंगला हे आठवण करून देतो. पाचवं, कंबरेपासून गुडघ्यापर्यंतची लांबी.

तुमची खरी अडचण कंबर आणि सीट यांच्यातला १० इंचांचा फरक ही आहे. रेडीमेड कपडा एवढा फरक धरून क्वचितच कापलेला असतो. म्हणून रेडीमेड घ्यायचाच तर सीट पाहून घ्या आणि कंबर कमी करून घ्या. उलटं होत नाही, कारण आत सोडलेलं मार्जिन बहुतेक वेळा अर्ध्या इंचाचंही नसतं. ट्रायल रूममध्ये सीटच्या रेषेवर दोन्ही बाजूंना कापड चिमटीत धरा. प्रत्येक बाजूला अर्ध्या इंचाची घडी सहज यायला हवी, म्हणजे एकूण २ इंच सैल. मग खाली बसून पाहा. कंबर दीड इंचापर्यंत मागच्या शिवणीतून घेता येते. त्याहून जास्त एकाच शिवणीतून घेतली तर खिसे आणि बाजूच्या शिवणी मागे ओढल्या जातात. तेव्हा थोडं शिवणीतून, बाकी मागे दोन टक्स, म्हणजे कापड चिमटून शिवलेल्या निमुळत्या घड्या, घालून घ्या.

आता पाव सर्कलच का. सर्कल स्कर्ट म्हणजे गोल कापडाला मधोमध कंबरेएवढं भोक. आपल्याकडे त्याला अंब्रेला म्हणतात. पूर्ण गोलासाठी आतल्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे कंबर भागिले ६.२८. तुमची पावणेपाच इंच येते. अर्ध्या गोलासाठी कंबर भागिले ३.१४, म्हणजे साडेनऊ. पाव गोलासाठी त्याच्या दुप्पट, सुमारे १९ इंच. यातली गंमत सीटच्या रेषेवर दिसते. कंबरेखाली ८ इंचांवर पूर्ण गोलाचा घेर होतो ८० इंच, अर्ध्याचा ५५ आणि पाव गोलाचा साडेबेचाळीस. तुमची सीट ४०. म्हणजे एकही टक्स न घालता, एकही चुणी न घालता, पाव सर्कल सीटवर अडीच इंच सैल राहून अलगद उतरतो. मांड्यांपाशी त्याहून सैल, आणि कंबरेवर कापडाचा एकच थर. ज्यांचा फरक ४-५ इंचांचाच आहे त्यांना हाच स्कर्ट बाजूंनी उभा राहिल्यासारखा दिसेल. तुमच्यासाठी मात्र गणितच जुळलेलं आहे.

लांबी ३० इंच धरली तर तळाचा घेर ७७ इंच होतो, स्कूटीवर पाय टेकायला पुरेसा. कापड ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) असेल तर पुढचा एक आणि मागचा एक असे दोन पाट, म्हणजे तुकडे, काढायचे, प्रत्येकाच्या मधोमध उभा धागा. २ मीटरमध्ये बेल्टसकट निघतो. चेन ७ इंचांची घालतात, ती तुम्हाला अपुरी पडेल. सीट ओलांडून खाली उघडायला हवी, म्हणून ९ इंचांची मागा, नाहीतर घालताना-काढताना चेनच्या टोकाची शिवण उसवते आणि दोष दोऱ्याला जातो. अर्धा आणि पूर्ण सर्कल शिवलात तर एक पथ्य. बेल्ट लावून झाला की स्कर्ट एक दिवस टांगून ठेवा, खालची दुमड त्यानंतर. उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या कापलेल्या, भागातलं कापड वजनाने खाली उतरतं आणि टांगण्याआधी दुमडलेला काठ चार धुण्यांत वाकडा दिसू लागतो. गोल काठाला दुमडही पाव इंचाचीच. रुंद दुमडलीत तर सुरकुत्या पडतात.

ऑफिससाठी सरळ स्कर्ट हवाच असेल तर तोही जमतो, फक्त टक्सची वाटणी नीट हवी. सीट ४० अधिक सैलपणा २, म्हणजे ४२. कंबर ३० अधिक १, म्हणजे ३१. मधले ११ इंच कुठेतरी जायला हवेत. बाजूच्या शिवणींत मिळून ५, मागच्या चार टक्समध्ये एकेक इंच आणि पुढच्या चारमध्ये अर्धा-अर्धा. मागचे टक्स साडेपाच इंच लांब, पुढचे जेमतेम ३, कारण पोट वरच भरतं आणि लांब टक्सचं टोक पोटाखाली पोकळ फुगतं. घाईच्या शिवणकामात मागे दोनच टक्स घालून उरलेलं सगळं बाजूंतून घेतात. मग कंबरेखाली दोन्हीकडे टोपीसारखे उंचवटे येतात आणि बाईला वाटतं आपले नितंबच तसे आहेत. गुडघ्याखाली जाणाऱ्या सरळ स्कर्टला मागे ८ इंचांचा कट, त्याच्या वरच्या टोकाला आतून पट्टी आणि आडवी पक्की टीप. ती नसली की स्कूटीवर बसताना पहिलं तेच फाटतं.

प्लेट्सचा स्कर्ट दिसतो छान, पण पूर्ण प्लेट्सना सीटच्या तिप्पट कापड लागतं, म्हणजे १२० इंच, आणि कंबर-सीटवर तीन थर बसतात. घ्यायचाच तर प्लेट्स वरून ५ इंच शिवून बंद केलेल्या घ्या. सुती कापडाच्या प्लेट्स दर धुण्यानंतर इस्त्रीने बसवाव्या लागतात. कायमच्या प्लेट्स पॉलिस्टर असलेल्या कापडातच उष्णतेने बसतात, तेव्हा सुती आणि कायमच्या असं दोन्ही मागू नका.

इलॅस्टिकचं गणित कुणी सांगत नाही. चेन नसलेला स्कर्ट सीटवरून वर चढायला हवा, म्हणजे तुमच्यासाठी त्याचं तोंड किमान ४० इंचांचं. ते इलॅस्टिकने ३० वर आणलं की कंबरेवर १० इंच जास्तीचं कापड गोळा होतं, बरोबर पोटावर. आरामासाठी इलॅस्टिक हवं असेल तर ते फक्त मागे घाला, पुढचा बेल्ट सपाट ठेवा आणि बाजूला चेन द्या. इलॅस्टिक सव्वा ते दीड इंच रुंद घ्या. पाऊण इंचाचं नेफ्यात पीळ खातं.

अंगाभोवती गुंडाळून बांधायच्या रॅप स्कर्टचा फायदा एवढाच की कंबर कमी-जास्त झाली तरी चालते. पुढचा पाट किमान १२-१४ इंच एकमेकांवर यायला हवा आणि मांडीच्या उंचीवर आतून एक हूक हवा. स्कूटीवर तोही टाळलेला बरा. झालरींच्या थरांचा स्कर्ट घेताना पहिल्या जोडाची रेषा पाहा. ती ८ इंचांवर आली तर तुमच्या सर्वात रुंद भागावर आडवी पट्टी आणि तिथूनच चुण्या सुरू, याहून वाईट जागा नाही. जोड १२ इंचांच्या खाली हवा. पूर्ण अंब्रेला पातळ, लोळणाऱ्या कापडात तुम्हाला चांगला दिसेल, लग्नाकार्याला घाला. दुचाकीवर मागे एका बाजूला बसायचं असेल तर घेर आवरून मांडीखाली दाबून घ्या. साडी गार्ड चाकाचा सगळा भाग झाकत नाही.

लांबी हा भाग लोक शेवटी ठरवतात, तो आधी ठरवायला हवा. पाय जिथे निमुळता होतो तिथे काठ संपला की पाय लांब दिसतो, पोटरीच्या फुगीर भागावर संपला की आखूड. तुमच्या उंचीला साधारण तीन जागा आहेत. गुडघ्याच्या लगेच खाली, म्हणजे कंबरेपासून २२-२३ इंच. पोटरी संपते तिथे, ३० इंच. किंवा घोट्याच्या जरा वर, ३५. दुकानात जी मिडी म्हणून मिळते ती उंच मुलींसाठी पोटरीखाली संपते आणि तुमच्या नेमकी मधल्या कुठल्यातरी अवघड जागी येते. रोजच्या चपला घालून आरशासमोर एक चादर कंबरेशी धरा आणि हळूहळू वर-खाली करा. कुठे थांबायचं ते डोळ्यांना लगेच कळतं. तिथे कुणाला तरी जमिनीपासून अंतर मोजायला सांगा. ते अंतर शिंप्याला द्या, कारण सीट भरलेली असली की मागचा काठ वर ओढला जातो आणि जमिनीपासून मोजलेला काठ सगळीकडे सारखा राहतो.

कापड निवडताना ताग्याचं टोक एका कोपऱ्यात चिमटीत धरून मीटरभर खाली सोडा. बारीक, उभ्या घड्या पडून कापड लोळलं तर ते घेराच्या स्कर्टसाठी. शंकूसारखं फुलून उभं राहिलं तर ते सरळ किंवा पाव सर्कलसाठी. तुम्हाला या दोहोंच्या मधलं हवं, जाडसर रेयॉन-लिनन, कॉटन साटिन किंवा हलकं डेनिम. कडक पॉपलिन सीटवरून बाहेर उभं राहतं. पातळ रेयॉन मांडीची प्रत्येक रेषा दाखवतं, शिवाय धुतल्यावर आटतं आणि टांगल्यावर लांबतं. सुती कापड ३-४ टक्के आटणं नेहमीचंच, ३० इंचांच्या स्कर्टमध्ये ते इंचभर होतं. तेव्हा कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा. एम. टी. क्लॉथ मार्केटात किंवा शीतलामाता बाजारात कापड घेताना पन्हा विचारून घ्या. ३६ इंचांच्या पन्ह्यात पाव सर्कलचे पाट बसत नाहीत, जोड द्यावा लागतो.

इंदूरला असून बाग प्रिंट न वापरणं म्हणजे जरा अन्यायच. धार जिल्ह्यातल्या बाग गावचं हे हातछपाईचं सुती कापड, लाल-काळ्या रंगांचं, रोजच्या स्कर्टला उत्तम. छाप बारीक, अंतरं कमी असलेला घ्या. मोठा ठसा सीटच्या मधोमध आला की नजर तिथेच अडकते, आणि शिंपी कापताना त्याकडे पाहीलच असं नाही. पहिली धुणी वेगळी, थंड पाण्यात. उज्जैनजवळच्या भैरवगढचं बाटिकही चालतं, फक्त त्याचे गडद रंग तळाकडे येतील असं कापून घ्या.

अस्तराचा विचार उन्हाळ्याचा धरून करा. एप्रिल-मेच्या उन्हात पॉलिस्टरचं अस्तर अंगाला चिकटतं आणि डिसेंबरच्या कोरड्या हवेत चटचट करत पायांना लपेटतं. पण सुती स्कर्टला सुती अस्तर लावलं की दोन्ही कापडं एकमेकांना धरतात आणि चालताना स्कर्ट वर चढतो. मधला मार्ग पातळ, गुळगुळीत विस्कोसचं अस्तर, किंवा सुती अस्तर मांडीपर्यंतच आणि तेही बेल्टलाच जोडलेलं, बाजूच्या शिवणींत नाही. पूर्ण लांबीचं असेल तर स्कर्टपेक्षा दीड इंच आखूड आणि दोन्हीकडे कट ठेवा. नेहमीचा साडीचा परकर आत घालू नका, त्याची नाडीची गाठ सपाट बेल्टमधून दिसते.

वरच्या कपड्याचा नियम एकच आहे: टॉपचा काठ सीटच्या सर्वात रुंद रेषेवर संपू नये. खांद्यापासून १८-१९ इंचांचा टॉप पोटाच्या भागात संपतो, तो पाव सर्कलवर न खोचता छान दिसतो. त्याहून लांब असेल तर खोचा. पोट पुढे आहे म्हणून टॉप बाहेर सोडायची सवय असते, पण सैल टॉप पोटाच्या टोकावरून सरळ खाली पडतो आणि सगळं धड त्याच रुंदीचं दिसतं. टॉपचा पुढचा दोन बोटं रुंद भाग खोचून बाजू मोकळ्या सोडल्या तरी कंबर दिसते. गुडघ्यापर्यंतची कुर्ती घेराच्या स्कर्टवर घातली की दोन्ही वाया जातात. सरळ, घोट्यापर्यंतच्या स्कर्टवर बाजूंना कट असलेली लांब कुर्ती मात्र चालते. खांद्याकडे थोडं वजन आणलं, म्हणजे पफ बाही, कॉलर, छातीवर काम, तर खालच्या घेराशी तोल जमतो. गडद स्कर्ट आणि फिका टॉप हा सल्ला सगळे देतात, तो चुकीचा नाही, पण ५ फूट १ इंचाला मध्येच रंग तुटल्याने उंची कमी दिसते. टॉप आणि स्कर्ट एकाच रंगाच्या जवळच्या छटांत ठेवून पाहा. सँडलला घोट्याभोवती जाड पट्टा नको, ३० इंचांच्या लांबीखाली तर नकोच.

आता महेश्वरी. पारंपरिक महेश्वरीत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो. जुन्या साडीत रेशीम घड्यांवर आधी तुटतं. साडी उजेडासमोर धरा, घडीच्या रेषांवर दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून पाहा. बारीक चिरा दिसल्या तर तेवढे भाग सोडून द्या. खालचा काठ टाचांनी आणि फॉलच्या टाक्यांनी झिजलेला असतो, वरचा काठ कंबरेला खोचलेला राहिल्याने बराच शाबूत. दोन्ही काठ सारख्या रुंदीचे असतील तर साडी उलटी करा आणि वरचा काठ स्कर्टच्या तळाला घ्या.

काठ सरळ असल्याने ही साडी गोल कापता येत नाही, काठच तुकड्यांत जाईल. म्हणून इथे चुण्या घ्याव्याच लागतात, पण कंबरेवर नको. वर ६ इंचांचा सपाट योक, म्हणजे कंबरेपासून खाली येणारा वेगळा पट्टा, द्या, टक्स घालून अंगाबरोबर बसणारा, आणि चुण्या त्याखाली. घेर सीटच्या सुमारे अडीचपट, म्हणजे अडीच मीटर पुरे. साडेपाच मीटर सगळी गोळा केलीत तर कंबरेखाली उशी बांधल्यासारखं होईल. उरलेल्यात पदराचा टॉप निघतो. योकला मागून मलमल किंवा केंब्रिकचा आधार घ्या, कारण जुनं रेशीम शिवणीवर सरकतं आणि सगळा ताण योकवर येतो. चुण्यांचा भाग मोकळा असल्याने त्याला फक्त अस्तर पुरतं. असाच स्कर्ट घोट्यापर्यंत घेतलात की तो आपला परकरच, त्यावर पोलक्यासारखा आखूड ब्लाउज हळदीकुंकवाला शोभतो.

शिंप्याकडे जाताना शब्द हिंदीतले न्या. इंदूरच्या टेलरमास्तरांना चुण्या म्हटलं तर अर्थ लागेलच असं नाही, चुन्नट म्हणा. हाताने घातलेली दुमड म्हणजे तुरपाई. उरेबला औरेब किंवा तिरछा. सीट आणि अस्तर दोन्हीकडे तेच.

पहिल्या ट्रायलला बेल्ट कच्चा लावून घ्या आणि या गोष्टी पाहा. सीटवर आडव्या ताणरेषा आणि स्कर्ट वर चढतोय, तर सीट घट्ट आहे, बाजू सोडा. मागे बेल्टच्या लगेच खाली सैल घडी साचतेय पण सीटवर ताण नाही, तर पाठीचा कणा आत वळलेला आहे. बाजू घेऊन ही घडी जात नाही. बेल्ट उसवून मागचा मध्य पाव ते अर्धा इंच खाली कापावा लागतो. पुढचा काठ वर उचलला जातोय आणि बाजूची शिवण तळाशी पुढे झुकतेय, तर पोटाला लांबी कमी पडते. पुढच्या मध्यावर अर्धा इंच वाढवावा लागेल, म्हणून कापताना पुढच्या पाटाला वर इंचभर जास्त ठेवायला आधीच सांगा. मागचा कट उभ्याने उघडा राहतो, तर मांडीवर घट्ट आहे, कट शिवून उपयोग नाही. खिशाचं तोंड आ वासतंय, तरी कारण तेच.

आणि रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीला, यातला एकही स्कर्ट घालू नका. त्या दिवसासाठी जुना सुती, गुडघ्याखालचा, फेकून देता येईल असा.